नावाची वाट पाहणारे भुंगेरे

संग्रहालयाच्या बाटलीत अर्धे शतक पडून राहिलेला, खसखशीच्या दाण्याहूनही लहान असा एक किडा. त्याला नाव मिळाले काय आणि न मिळाले काय, कोणाचे काय बिघडते? या प्रश्नाचे उत्तर केरळच्या पाणथळ भातशेतीत सापडते.

तांदूळ निवडताना ताटात एखादा सोंडा चालताना दिसला, की आपण त्याला चिमटीत धरून बाहेर टाकतो. तो कोण, कुठला, त्याचे नाव काय, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. किडा तो किडा! पण जगाच्या पाठीवर काही माणसे अशी आहेत, की ज्यांचे सारे आयुष्य याच एका प्रश्नामागे जाते. हा किडा नेमका कोण?

पुढचे पंख कडक होऊन त्यांची पाठीवर ढालीसारखी झाकणे झालेली असतात, त्या कीटकांना भुंगेरे म्हणतात. काजवा, तांदळातला सोंडा, शेणाच्या गोळ्या ढकलत नेणारा शेणकिडा, पहिल्या पावसात दिव्यावर झेपावणारे हुमणीचे भुंगेरे ही सारी एकाच गोतावळ्यातली. हा गोतावळा प्रचंड आहे. आजवर भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत. म्हणजे नाव मिळालेल्या दर चार प्राण्यांमागे साधारण एक भुंगेरा! तरीही ज्यांना अद्याप नाव नाही अशांची रांग मोठीच आहे. त्यांतले कितीतरी रानात नव्हे, तर संग्रहालयांच्या कपाटांत आपली पाळी येण्याची वाट पाहत आहेत.

केनियाची माती, लंडनची बाटली

१९६४-६५ साली डॉ. विल्यम ब्लॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेत माती आणि पालापाचोळा यांतल्या सूक्ष्म जीवांचे नमुने गोळा करीत होते. मातीतले असे जीव वेगळे करण्याची एक साधी रीत आहे. नरसाळ्यात जाळी बसवायची, जाळीवर माती पसरायची आणि वर दिवा लावायचा. माती वरून सुकू लागली, की ओलाव्याच्या शोधात जीव खाली खाली सरकतात आणि नरसाळ्याखाली ठेवलेल्या मद्यार्काच्या बाटलीत पडतात. हाताने वेचायचे म्हटले, तर आयुष्य पुरणार नाही असे काम काही दिवसांत होते.

ब्लॉक यांचा संग्रह १९७८ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला मिळाला आणि तिथल्या फडताळात जाऊन बसला. कोणी हयगय केली असे नव्हे. या संग्रहालयात सर्व प्रकारचे मिळून आठ कोटींच्या आसपास नमुने आहेत. त्यांत एकट्या भुंगेऱ्यांचे सुमारे एक कोटी! ते सारे तपासायचे तर माणसे किती लागतील? आणि अगदी बारीक भुंगेऱ्यांची ओळख पटवू शकणारे जाणकार तर जगात मोजकेच.

अशा जाणकारांपैकी एक मायकेल डार्बी. ब्रिटनमधील भुंगेरे-अभ्यासकांचा चरित्रकोश तयार करणारे हे गृहस्थ या संग्रहालयाशी संलग्न अभ्यासक आहेत. मद्यार्कात जपून ठेवलेल्या ‘पिसपंखी’ भुंगेऱ्यांच्या बाटल्या ते एकामागून एक तपासत होते. पिसपंखी हे नाव अन्वर्थक आहे. या भुंगेऱ्यांचे मागचे पंख अगदी अरुंद असतात आणि त्यांच्या कडांना लांब केसांची झालर असते. दिसायला हुबेहूब पीस! जगातला सर्वांत लहान भुंगेरा याच कुळातला. १९९९ साली निकाराग्वातील नमुन्यांवरून नाव मिळालेला ‘स्किडोसेला मुसावासेन्सिस’ हा तो भुंगेरा. २०१५ मध्ये काटेकोरपणे मोजलेला त्याचा सर्वांत लहान नमुना भरला अवघा ०.३२५ मिलिमीटर.

ब्लॉक यांच्या बाटलीतील एक भुंगेरा डार्बींना वेगळा वाटला. लांबी ०.७९ मिलिमीटर, रंग फिकट पिवळा-सोनेरी. त्याला पंख नव्हते आणि डोळेही नव्हते! सदैव काळोख्या मातीत वावरणाऱ्याला डोळ्यांचे ओझे कशाला? डोळे असायला हवेत त्या जागांच्या मधोमध एक छोटासा खळगा मात्र होता. शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, चांगल्या लांब होत्या. ताडून पाहिल्यावर डार्बींची खात्री पटली, की हा कोणी नोंदलेला जीव नव्हे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘एन्टमॉलॉजिस्ट्स मंथली मॅगझिन’ या नियतकालिकातून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नाव ठेवले ‘नेलोप्टोडीस ग्रेटी’. पर्यावरणासाठी शाळकरी वयात आंदोलन उभारणारी स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग हिच्या गौरवासाठी हे नाव. भुंगेऱ्याच्या लांब मिशा पाहून डार्बींना तिच्या वेण्या आठवल्या होत्या.

गंमत अशी, की ग्रेटाचा जन्म २००३ सालचा. तिच्या नावाचा हा भुंगेरा तिच्या जन्मापूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे बाटलीत बसलेला होता.

चिठ्ठी गेली, की नमुना गेला

इतक्या वर्षांपूर्वीच्या मेलेल्या किड्यावरून आज नवी जात ओळखता येते, ती कशाच्या बळावर? पहिले बळ अर्थातच जपणुकीचे. कठीण कवचाचा भुंगेरा वाळवून टाचणीवर टोचला, तर शतकानुशतके टिकतो. फार लहान असेल, तर त्याला पुठ्ठ्याच्या इवल्या तुकड्यावर डिंकाने चिकटवतात आणि टाचणी त्या तुकड्यातून जाते. त्याहून नाजूक जीव मद्यार्कात ठेवतात किंवा काचपट्टीवर कायमचे बसवतात.

दमट हवा आणि बुरशी हे संग्रहाचे शत्रू तर आहेतच. पण सर्वांत मोठा शत्रू भुंगेराच आहे. ‘अँथ्रीनस’ वर्गातल्या भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या वाळलेले कीटक खाऊन जगतात. त्यांतल्या एकाचे तर शास्त्रीय नावच ‘अँथ्रीनस म्युझिओरम’, म्हणजे संग्रहालयांचा अँथ्रीनस, असे आहे! एक अळी आत शिरली, की काही महिन्यांत टाचणीखाली नुसता भुगा उरतो. आपल्याकडे लोकरी कपड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवतात. कीटकसंग्रहांच्या खणांतही त्या वर्षानुवर्षे याच कामासाठी ठेवल्या गेल्या.

पण किडा शाबूत राहिला म्हणून काम भागत नाही. दुसरे बळ असते त्याच टाचणीवर खाली लावलेल्या चिठ्ठीचे. टपालाच्या तिकिटाहून लहान अशा त्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. कुठे सापडला, केव्हा सापडला, कोणाला सापडला. एवढ्याने किड्याला गाव मिळते आणि काळ मिळतो. चिठ्ठी हरवलेला सुंदरातला सुंदर नमुनाही अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. ब्लॉक यांच्या नमुन्यांचा ठावठिकाणा नोंदलेला नसता, तर डार्बींच्या हाती आला असता तो केवळ एक बेवारशी किडा.

ओळख पटते कशी?

नवी जात सापडली, हे वाक्य ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात अभ्यासकाला आधी सिद्ध करावे लागते, की हा जीव जुन्या नोंदींपैकी कोणीही नाही. म्हणजे त्याचे जेवढे म्हणून भाऊबंद आजवर नोंदले गेले असतील, त्या सगळ्यांशी त्याला ताडून पाहायचे. वर्णने शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन, फ्रेंच, जर्मन पुस्तकांत विखुरलेली. कित्येकदा वर्णन इतके त्रोटक, की ‘काळा, गुळगुळीत, लहान’ एवढ्यावरच संपते. मग ज्या नमुन्यावरून ते लिहिले गेले, तो मूळ नमुनाच पाहावा लागतो. तो कधी पॅरिसला असतो, कधी बर्लिनला, कधी कोलकात्याला.

बाहेरून जुळे दिसणारे दोन भुंगेरे वेगळ्या जातींचे असू शकतात, हे आणखी एक संकट. उदाहरण घरातलेच घ्या. तांदळातला सोंडा आणि मक्यातला सोंडा या दोन जाती भिंगाखालीही फसवतात आणि दोघेही एकमेकांच्या धान्यात सुखाने राहतात. तेव्हा ते कुठे सापडले यावरूनही निर्णय होत नाही. खात्रीने निवाडा करायचा, तर पोट उघडून जननेंद्रिये तपासावी लागतात. कीटकांत या अवयवांची घडण जातीजातीगणिक निराळी असते आणि एका जातीत ती बहुधा ठरावीक असते. म्हणूनच अभ्यासकांचा खरा भरवसा रंगावर किंवा आकारावर नसून या लपलेल्या अवयवांवर असतो.

पिसपंखी भुंगेऱ्यांत मादीच्या पोटातील एक सूक्ष्म पिशवी फार महत्त्वाची मानतात. नराकडून मिळालेले शुक्राणू मादी तिच्यात साठवते. या पिशवीचा आकार, तिची वळणे ही जणू त्या जातीची सहीच. एक मिलिमीटरहून लहान किड्याच्या पोटातून ही पिशवी अखंड बाहेर काढायची, ती स्वच्छ करायची, काचपट्टीवर बसवायची आणि सूक्ष्मदर्शकातून पाहून तिचे चित्र काढायचे. हात किंचित थरथरला, तरी सारे संपले! बाटलीत पुरेसे नमुने असले तर ठीक. एखादाच असला, तर अभ्यासकाचा जीव टांगणीला लागतो.

नामकरणाचे नियम

खात्री पटली, की बारसे. पण इथे मनाला येईल तसे नाव ठेवता येत नाही. प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. स्वीडनच्या लिनीयसच्या ग्रंथाची १७५८ सालची दहावी आवृत्ती ही या नावांच्या हिशेबाची सुरुवात मानली जाते. नाव दोन शब्दांचे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा. दुसरा त्या विशिष्ट जातीचा. एकाच जिवाला दोघांनी दोन नावे दिली, तर साधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. नाव स्त्रीच्या सन्मानार्थ असेल, तर त्याचा शेवट वेगळा आणि पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर वेगळा. स्वतःचेच नाव देण्यावर मात्र नियमापेक्षा जनलज्जेचाच पहारा अधिक कडक असतो!

सर्वांत महत्त्वाचा नियम मूळ नमुन्याचा. ज्या एका नमुन्यावर नवे नाव बेतले, त्याला ‘होलोटाइप’ म्हणतात. तो सार्वजनिक संग्रहालयात असावा, अशी अपेक्षा असते. उद्या वाद निर्माण झाला, तर पुस्तकातले वर्णन नव्हे, हा नमुना साक्ष देतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसे हे कायमचे जपून ठेवलेले शीत!

एकदा नियमानुसार ठेवलेले नाव पुढे कोणाला आवडेनासे झाले, म्हणून बदलता येत नाही. १९३० च्या दशकात ऑस्कर शाइबेल या हौशी अभ्यासकाने स्लोव्हेनियातील गुहांमध्ये राहणाऱ्या एका आंधळ्या भुंगेऱ्याला ‘अनॉफ्थाल्मस हिटलेरी’ असे नाव दिले. हिटलर गेला, त्याची राजवट गेली, नाव राहिले. नाझी काळातील वस्तू जमवणाऱ्या शौकिनांनी या निरुपद्रवी किड्यासाठी पैसे मोजायला सुरुवात केली आणि चोरटे लोक गुहांमध्ये घुसू लागले. ज्याला त्या माणसाशी काडीचे देणेघेणे नव्हते, त्या किड्याच्या जिवावर ते नाव उठले.

डार्विनने धाडलेला किडा

संग्रहालयात नाव मिळण्यासाठी किती थांबावे लागते? फ्रान्समधील अभ्यासकांनी २००७ साली नाव मिळालेल्या जातींमधून शेकडो जाती निवडून हा हिशेब मांडला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. नमुना गोळा झाल्यापासून जातीचे वर्णन छापले जाईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असे त्यांना आढळले. एका माणसाची वाढ पूर्ण होऊन तो मतदानाला जाईल, एवढा हा काळ!

आणि ही झाली सरासरी. चार्ल्स डार्विन १८३२ साली ‘बीगल’ जहाजावरून अर्जेंटिनातील बाहिया ब्लांका येथे उतरला होता. डार्विनला भुंगेऱ्यांचे वेड तरुणपणापासूनचे. तिथे त्याने पकडलेला एक हिरवट-निळी झळाळी असलेला भुंगेरा लंडनला पोचला खरा. पण तो पुढे कुठे गेला, हे कोणालाच कळेना. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात शिकवणारे स्टिलियानोस खात्झिमानोलिस यांनी अभ्यासासाठी लंडनहून काही नमुने उसने मागवले. संग्रहालये एकमेकांना आणि अभ्यासकांना असे नमुने पाठवत असतात. आलेल्या खोक्यात करवतीच्या दात्यांसारख्या मिशा असलेला एक निराळाच भुंगेरा होता आणि त्याच्या टाचणीवरची चिठ्ठी सांगत होती डार्विनचे नाव!

तो केवळ नव्या जातीचा नव्हे, तर नव्या प्रजातीचाही निघाला. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे डार्विनच्या जन्मदिनी, त्याला ‘डार्विनिलस सेडारिसी’ हे नाव मिळाले. पकडल्यानंतर तब्बल १८२ वर्षांनी. नावातला दुसरा शब्द अमेरिकन विनोदी लेखक डेव्हिड सेडारिस यांच्यावरून; खात्झिमानोलिस नमुने तयार करताना त्यांची पुस्तके ऐकत असत.

या आनंदवार्तेला एक काळी किनार आहे. या जातीचे नाव ठेवताना जगात तिचे दोनच नमुने ठाऊक होते. एक डार्विनचा आणि दुसरा अर्जेंटिनातीलच रिओ क्वार्तो येथे १९३५ पूर्वी पकडलेला. त्या दोन गावांमधल्या बऱ्याचशा भूमीवर आता शेती आहे. हा भुंगेरा आज जिवंत तरी आहे का, अशी शंका त्याचे नाव ठेवणाऱ्यानेच व्यक्त केली. म्हणजे बारसे आणि श्राद्ध एकाच दिवशी व्हावे, तशातली ही गत.

पण याचा उपयोग काय?

इथवर वाचून एखादा व्यवहारी वाचक म्हणेल, ‘हे सगळे ठीक; पण किड्याला नाव देऊन कोणाचे पोट भरते?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला केरळइतके चांगले ठिकाण नाही.

साल्व्हिनिया नावाचे एक पाण्यावर तरंगणारे नेचे आहे. मूळचे ते आग्नेय ब्राझीलमधले. शोभेची वनस्पती म्हणून ते टाक्यांतून, तळ्यांतून जगभर फिरले. त्याला बीज धरत नाही. पण एक तुकडा तुटून वेगळा झाला, की त्याचे दुसरे झाड! अनुकूल हवा असेल, तर काही दिवसांत दुप्पट. केरळमध्ये लोक त्याला ‘आफ्रिकन पायल’ म्हणू लागले. कुट्टनाडमधील कालवे, खाजणे आणि भातखाचरे त्याच्या जाड हिरव्या गालिच्याखाली गेली. होड्या अडकू लागल्या, मासेमारी ठप्प झाली, भात लावण्यापूर्वी खाचरातून हे तण उपसायचा खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर बसला. पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीवर तर त्याने शेकडो चौरस किलोमीटर पाणी व्यापले. तिथे होडी हेच एकमेव वाहन असल्यामुळे गावेच्या गावे कोंडली गेली.

हे तण खाणारा एखादा किडा त्याच्या मूळ देशातून आणावा, असा विचार पुढे आला. पण मूळ देश कुठला? अनेक वर्षे ही वनस्पती ‘साल्व्हिनिया ऑरिक्युलाटा’ समजली जात होती. म्हणून त्या वनस्पतीच्या प्रदेशात, त्रिनिदादच्या बाजूला किडे शोधले गेले. तिथून ‘सिर्टोबॅगस सिंग्युलॅरिस’ नावाचा एक सोंडकिडा आफ्रिकेत नेऊन सोडला. फारसा उपयोग झाला नाही. १९७२ मध्ये डी. एस. मिचेल यांनी दाखवून दिले, की हे तण ऑरिक्युलाटा नव्हेच, ती स्वतंत्र जात आहे. तिला त्यांनी ‘साल्व्हिनिया मोलेस्टा’, म्हणजे उपद्रवी, असे नाव दिले. चुकीच्या नावामुळे माणसे इतकी वर्षे चुकीच्या गावी चोर शोधत होती!

पुढे ऑस्ट्रेलियाच्या सी.एस.आय.आर.ओ. या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तणाचे खरे माहेर ब्राझीलमध्ये शोधून काढले. तिथे जॉइनव्हिल गावाजवळ १९७८ साली त्याच्यावर एक सोंडकिडा मिळाला. लांबी सुमारे दोन मिलिमीटर. तोही सिंग्युलॅरिसच आहे, अशीच समजूत होती. १९८० साली ऑस्ट्रेलियातील मूनडारा सरोवरात तो सोडला आणि वर्ष-सव्वा वर्षात सरोवर मोकळे झाले. सगळे चकित! एकाच जातीचा किडा आफ्रिकेत ढिम्म आणि इथे असा पराक्रमी कसा?

उत्तर भिंगाखाली मिळाले. दोन्ही ठिकाणचे किडे शेजारी ठेवून, बारीकसारीक खुणा आणि जननेंद्रिये तपासून ए. ए. कॅल्डर आणि डी. पी. ए. सँड्स यांनी १९८५ मध्ये जाहीर केले, की ब्राझीलचा किडा वेगळीच, आजवर नोंद नसलेली जात आहे. तिचे नाव ‘सिर्टोबॅगस साल्व्हिनिई’. तोवर तो बिचारा दुसऱ्याच्या नावावर नोकरी करीत होता! साल्व्हिनियावरील विजयाबद्दल त्याच वर्षी सी.एस.आय.आर.ओ.च्या चमूला युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

हाच किडा ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. १९८३-८४ मध्ये बंगलोरच्या एका कमळतळ्यात त्याला सोडले आणि अकरा महिन्यांत तण कोसळले. त्यानंतर केरळमध्ये तो सोडण्यात आला आणि काही वर्षांत कुट्टनाडच्या पाण्यावरचा तो गालिचा विरला. फवारणी नाही, विष नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ती अशी! त्यानंतर ज्या कोणाला हे तण आवरायचे होते, त्याला नेमका कोणता किडा मागवायचा हे ठाऊक होते. कारण आता त्या किड्याला नाव होते.

आपल्या कपाटांत काय आहे?

नाव नसलेल्या जिवाची दाद कोणाकडेच लागत नाही. कायद्याच्या सूचीत त्याला जागा नाही, धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत त्याची गणती नाही. एखादे धरण, एखादा रस्ता, एखादी खाण त्याचे राहते ठिकाण गिळून गेली, तरी ‘काही नष्ट झाले’ अशी नोंदसुद्धा होत नाही. ग्रेटाच्या नावाचा भुंगेरा जाहीर झाला, तेव्हा लंडनच्या संग्रहालयातील भुंगेरे विभागाचे प्रमुख मॅक्स बार्कले यांनी हेच बोलून दाखवले होते. शास्त्रज्ञांनी नाव ठेवण्याच्या आतच कित्येक जाती नाहीशा होत असाव्यात, असे ते म्हणाले.

आपल्या देशात याचा विचार अधिकच करायला हवा. पश्चिम घाट आणि ईशान्य भारतासारखे जीवसंपन्न प्रदेश आपल्याकडे आहेत. कोलकात्याला १९१६ साली स्थापन झालेली झुऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया आहे, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत पुसा येथील मोठा कीटकसंग्रह आहे, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे; ती संस्था तर १८८३ पासूनची. मात्र इंग्रजी अमदानीत गोळा झालेले पुष्कळ नमुने परदेशी गेले. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर माल्कम कॅमेरून यांनी भारतातील आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांवर १९३० ते १९३९ या काळात मोठे ग्रंथ लिहिले. त्यांचा संग्रह आज लंडनला आहे. त्यामुळे इथल्या एखाद्या तरुण अभ्यासकाला आपल्याच रानातला भुंगेरा ओळखण्यासाठी कधी कधी परदेशाचा दरवाजा ठोठवावा लागतो.

पुढच्या पिढीवर ही वेळ येऊ नये, यासाठी आपल्याकडे कायदा झाला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार भारतात नवी जात शोधणाऱ्याने ती अधिकृत भांडार-संस्थेला कळवून तिचा नमुना तिथे जमा करायचा असतो. प्राण्यांसाठी झुऑलॉजिकल सर्व्हे ही अशी संस्था आहे. नियम चांगला आहे. पण खणात ठेवलेला नमुना वाचायला माणूस हवा आणि खण जपायलाही माणूस हवा. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. सुमारे पन्नास लाख कीटकांचा संग्रह जवळजवळ सगळा राख झाला. त्याआधी २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय आगीत गेले. पुस्तक जळाले, तर दुसरी प्रत शोधता येते. होलोटाइप एकच असतो.

माणसांची उणीव आगीइतकी डोळ्यांत भरत नाही. परिणाम मात्र तोच. जाती ओळखण्याचे शास्त्र शिकायला वर्षे लागतात, त्यात झटपट प्रसिद्धी नाही, नोकऱ्या थोड्या. एक जाणकार निवृत्त झाला आणि त्याने कोणाला तयार केले नाही, की एका अख्ख्या कुळाच्या बाटल्या पुन्हा मुक्या होतात. आता जनुकांच्या तपासणीने ओळख पटवण्याच्या नव्या रीती आल्या आहेत आणि त्यांची मोठी मदत होते. पण यंत्राने ‘हा वेगळा आहे’ असे सांगितले, तरी कोणापासून वेगळा आणि त्याचे आधीच कोणी नाव ठेवले आहे का, हे ठरवायला शेवटी जुना नमुना आणि तो वाचणारी नजर लागतेच.

ही नजर लहानपणी घडते. आपल्या घरातील मूल खिडकीत मरून पडलेला एखादा भुंगेरा हातात घेऊन आले, तर ‘शी, टाक तो!’ म्हणण्याआधी क्षणभर थांबायला हरकत नाही. रानातून, विशेषतः अभयारण्यातून, परवानगीशिवाय काहीही उचलायचे नाही, हे त्याला जरूर सांगावे. पण खिडकीतला तो किडा काड्यापेटीत कापसावर ठेवू द्यावा, सोबत एक डांबरगोळी आणि कागदाची एक पट्टी द्यावी. पट्टीवर त्याने तीनच गोष्टी लिहायच्या. गाव, तारीख आणि स्वतःचे नाव. त्या किड्याचे नाव काय, हे त्याला आज नाही कळले तरी चालेल.